पेज उतरते, काकडी अडते

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून एक पत्र आलंय. लिहिणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या, एकत्र कुटुंबात राहतात. अकरा आठवड्यांपूर्वी त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह. ११२ किलोवरून ९५ वर आल्या आहेत. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं सगळं तक्त्याप्रमाणे पार पडलं. तिसऱ्या महिन्याच्या रकान्यात ‘सॅलड सुरू करावे’ एवढंच लिहिलंय, म्हणून एका रविवारी दुपारी त्यांनी काकडी, गाजर आणि कच्च्या कांद्याची बशी समोर घेतली. चौथ्या-पाचव्या घासाला छातीच्या मधोमध काहीतरी अडलं, तोंडाला पाणी सुटलं, पांढरा फेस आला आणि शेवटी सगळं बाहेर पडलं. तेव्हापासून दोन आठवडे त्या पेज, ताक आणि डाळीचं पाणी यांवर आहेत. यजमान म्हणतात, सॅलड खाल्ल्याशिवाय वजन उतरायचं नाही. ऑपरेशनचं घरात फक्त यजमानांना आणि मुलाला ठाऊक, बाकीच्यांना पित्ताशयाचं सांगितलंय. श्रावण चालू, मासळी बंद, आणि गणपतीची चवथ तीन आठवड्यांवर. त्या विचारतात: ‘साधी काकडी जात नाही म्हणजे आत काही बिघडलंय का? मी कायमची पेजेवरच राहणार का? आणि चवथीला पंगतीत बसून खाऊ काय?’

ताई,

तुमच्या पत्रातला ‘साधी काकडी’ हा शब्द मी दोनदा वाचला. काकडी साधी आहे असं आपण धरून चालतो, कारण ती हलकी, पाणीदार आणि पथ्याची. तुमच्या आताच्या पोटाला मात्र ती पेडव्याच्या काट्यासारखी आहे. का, ते आधी सांगते, म्हणजे ‘बिघडलंय का’ या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. पूर्वीचं जठर पिशवीसारखं ताणायचं आणि जात्यासारखं घुसळायचं, त्यामुळे अर्धवट चावलेला घास गिळला तरी आत त्याची सोय लागायची. आता ताणायला जागा नाही आणि दळायला पूर्वीचा जोर नाही. भाजी शिजते तेव्हा तिच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, म्हणून दुधीची फोड चमच्याने दबते. कच्च्या गाजरात ते बांधकाम तसंच्या तसं शाबूत असतं. तंतू पचवणारं पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नाही, म्हणजे ते तोडण्याचं सगळं काम दातांवर आलं. तुम्ही रविवारी चार-पाच घास गिळलेत, त्यांतला पहिलाच बहुधा नळीच्या तोंडाशी थांबला होता आणि बाकीचे त्याच्या मागे रांगेत उभे राहिले. अडलेल्या घासाला सरकवायला शरीर लाळ आणि बुळबुळीत स्राव सोडतं, तोही खाली जात नाही आणि परत वर येतो. पांढरा फेस तो हाच. पहिल्यांदा बघताना माणूस घाबरतं खरं.

पेज, ताक, डाळीचं पाणी व्यवस्थित उतरतंय आणि फक्त कच्चं अडलं, यावरून आत काही बिघडल्याचं दिसत नाही. घाई झाली आणि घास मोठा झाला, एवढंच असावं. मऊ भातसुद्धा अडायला लागला, मग पेज, मग पाणी, असं उलट्या क्रमाने होत गेलं असतं तर मी तुम्हाला हे वाचत बसू दिलं नसतं. नळी कुठे अरुंद झालीय का, हे सर्जनना दुर्बिणीने बघावं लागतं आणि बहुतेकदा फुगा घालून ती रुंद करता येते. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तरी घडलेला प्रकार सर्जनच्या कानावर घाला.

तक्त्याबद्दलही बोलायला हवं, आणि हे मी स्वतः आहारतज्ज्ञ असून बोलतेय. आम्ही लोक तक्ते करतो ते पुष्कळदा एकमेकांचे बघून. त्यात ब्रोकोली असते, दुधी नसतो, टोफू असतो, मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची आपली उसळ, नसतात. ‘तिसरा महिना: सॅलड’ याचा खरा अर्थ तिसऱ्या महिन्यापासून कच्च्या भाजीची ओळख हळूहळू करून घ्यायला हरकत नाही, इतकाच. माझ्यासमोर दहाव्या आठवड्यात किसलेली काकडी आरामात खाणारे बसलेत आणि सहाव्या महिन्यातही कोबीच्या नावाने हात जोडणारे बसलेत. दोघांचीही ऑपरेशनं उत्तम झालेली. काकडीला तुम्ही परीक्षेचा पेपर केलंत: पास झाले तर बरी झाले, नापास झाले तर फसलं. तो पेपर तुमच्यापुढे ठेवला कुणी?

कदाचित यजमानांनी, प्रेमानेच. त्यांना माझ्याकडून एक हिशेब सांगा. काकडी म्हणजे सुमारे ९५ टक्के पाणी. बशीभर सॅलडमध्ये प्रथिनं एखाद-दोन ग्रॅम. तुम्हाला दिवसाला लागतात किमान ६० ग्रॅम. पोटात जागा वाटीभराची. ती वाटी काकडीने भरली तर प्रथिनं बसणार कुठे? ऑपरेशनआधी सॅलडचा उपयोग पोट भरायला होता, म्हणजे भात कमी जावा म्हणून. आता पोट दोन चमच्यांनी भरतं, त्यासाठी वेगळी युक्ती नको. वजन तुमचं असंही उतरतंय, आणि या दिवसांत प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केस येतात तेव्हा बायका धास्तावून फोन करतात. केस तर झपाट्याने वजन उतरल्यामुळेही गळतात आणि पुढे परत येतात, पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं की जास्त गळतात.

आता पेजेकडे येते, कारण खरी काळजी मला तिची वाटते. आजारपणात पेज, उपासानंतर पेज, शेतातून आल्यावर दहाच्या सुमाराला पेज आणि लोणच्याची फोड, आपल्याकडे पेजेवर संशय घेणं म्हणजे आजीवर संशय घेण्यासारखं. पण उकड्या तांदळाच्या वाटीभर पेजेत प्रथिनं दोन-तीन ग्रॅम, बाकी पाणी आणि पिठूळपणा. ती सरसर उतरते, अडत नाही, दुखत नाही आणि तासाभराने परत काहीतरी घ्यावंसं वाटतं. घासाने घाबरवलेलं माणूस अशा सरसर उतरणाऱ्या गोष्टींच्या आधाराला जातं: आधी पेज, मग चहात बुडवलेलं बिस्कीट, मग खारी, मग आइस्क्रीम. वर्षा-दीड वर्षाने वजनाचा काटा थांबतो किंवा मागे फिरतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा हेच असतं, आणि त्या माणसाने एकदाही भरपेट जेवलेलं नसतं. म्हणजे तुमच्याकडे वाटा दोनच आहेत असं तुम्ही धरलंय, कच्चं सॅलड नाहीतर पेज. मधला सगळा स्वयंपाक कुठे गेला?

तुमच्या जागी मी असते तर उद्याची दुपार मुगागाठींनी सुरू केली असती. आपल्या बायकांनी हे तंत्र कुठल्याही दवाखान्याच्या आधी बसवलंय. मूग भिजवायचे, मोड आणायचे, आणि पाण्यात हाताने चोळून सालं काढायची. सालं वर तरंगतात, ती ओंजळीने काढून टाकायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळायचं. कंटाळवाणं काम आहे, पण नेमकं तेच साल तुमच्या नळीला नको असतं. हे सोललेले मूग नेहमीपेक्षा थोडे जास्त शिजवा, बोटाने चिमटीत धरले की विरघळावेत इतके. नारळ खोवून घालू नका, त्याचा चोथा चावून संपत नाही. वाटून, गाळून त्याचा रस घाला, तोही थोडा. वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिनं येतात आणि घरात कुणी विचारलं तर तुम्ही चक्क मुगागाठी खाताय, पथ्य नव्हे.

श्रावणात ६० ग्रॅम गाठायचे म्हणजे कसरत आहे, हे मान्य. मासळी असती तर शंभर ग्रॅम बांगड्यात एका फटक्यात वीसच्या आसपास निघाले असते. आता दही कापडात टांगून केलेला चक्का शंभर ग्रॅम घ्या, आठ-नऊ ग्रॅम झाले. पन्नास ग्रॅम मऊ पनीर कुस्करून, तेवढेच. मुगाची वाटी, तुरीचं किंवा मसुरीचं घट्ट वरण, पेलाभर दूध. उरलेले वीस-बावीस सर्जननी लिहून दिलेल्या प्रोटीन पावडरीतून येऊ द्या, तिचा डबा एवढ्यात माळ्यावर टाकू नका. आणि भूक लागण्याची वाट बघू नका. भुकेची जाणीव देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं तोच भाग काढलाय, त्यामुळे कित्येकांना पहिलं वर्ष भूकच कळत नाही. घड्याळाप्रमाणे खा. पाणी दिवसभरात दीड लिटर, घोट घोट, पण जेवताना नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. जेवताना पाणी प्यायल्याने घास खाली ढकलला जाईल ही कल्पना डोक्यातून काढा. नळी भरलेली असते, पाणी वरच्या वर उसळतं.

आठवडाभर हे सुरळीत चाललं की भाज्यांकडे या. शिजलेल्या, सोललेल्या, बिया काढलेल्या: दुधी, लाल भोपळा, शिरा तासलेलं दोडकं. तांबडी भाजी चालेल, पण फक्त पानं घ्या, देठ बाजूला ठेवा. तायकिळ्याची रानभाजी यंदापुरती दुसऱ्यांना खाऊ दे. या भाज्या मऊ भातासारख्या जाऊ लागल्या की मगच कच्च्याचं बघा, आणि ते असं.

कोवळी काकडी घ्या, वीतभर. साल पूर्ण काढा, पट्टे ठेवून नाही. उभी चिरून चमच्याने बिया खरवडून टाका. किसणीच्या बारीक भोकांनी किसा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पिळून काढा. राहील तो मुठीतला गोळा पाहून हसू येईल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खटाटोप. त्यातले दोन चहाचे चमचे चक्क्यात कालवा. दुपारचंच जेवण निवडा, रात्रीचं नको, अडलंच तर आडवं पडून रात्र काढायची वेळ येऊ नये. आधी मूग किंवा पनीर खा, त्यानंतर हे. घास चमच्याच्या टोकावर मावेल एवढा. २०-२५ वेळा चावा असं आम्ही सांगतो, पण आकडे मोजत जेवलं की जेवणाची पाटी-पेन्सिल होते. सोपी खूण सांगते: जिभेवर काहीही टोचेनासं, खरखरेनासं झालं की गिळा. गिळल्यावर चमचा खाली ठेवा, पुढचा घास मिनिटभराने. वीस मिनिटं ते अर्ध्या तासात जेवण आटपा. उचकी आली, शिंक आली, नाकातून पाणी आलं, तर ती पोट भरल्याची सूचना आहे, ज्याची त्याची खूण निराळी असते. ती ओळखली की त्याच घासाला थांबायचं, पानात काय राहिलंय ते न बघता.

तीन दिवस हेच. नवीन काही एका वेळी एकच, म्हणजे अडलं तर गुन्हेगार सापडतो. रविवारच्या तुमच्या बशीत तिघे होते, त्यात कांद्याने की गाजराने घात केला हे देवच जाणे. काकडी जमली की साल-बिया काढलेला टोमॅटो, मग बारीक किसलेलं गाजर. कच्चा कांदा, कोबी, मुळा, मक्याचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, अननस, संत्र्याच्या फोडीवरची पांढरी त्वचा, हे सगळं शेवटी, काही महिन्यांनी, आणि काजूचं बोंड चोखून चोथा टाकायचा, पुढच्या हंगामातही. तंतू नीट न चावता वारंवार गिळले तर त्यांचा पोटात घट्ट गोळा बनून राहू शकतो, क्वचित होतं, पण झालं तर दुर्बिणीने काढावा लागतो. पिकलेली पपई आणि केळं मात्र आजपासून घ्या, दोन-तीन फोडी. कच्चं खाल्ल्याची हौस तेवढ्याने भागते.

एक प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नसेल. दाढा सगळ्या आहेत का? आपल्याकडे चाळिशीत एखादी मागची दाढ काढलेली असते आणि मग आयुष्यभर एकाच बाजूने चावणं चालू राहतं. जातं तोंडातच आलंय म्हटल्यावर त्याचा दगड पुरता हवा. एका बाजूची दाढ नसेल तर गाजराचा विचार दंतवैद्याकडे जाऊन आल्यावर करा.

पावाचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा दारात रोज वाजतो. ताजा मऊ पाव चावला की त्याचा कणकेसारखा गोळा होतो आणि तो काकडीपेक्षा वाईट अडतो. पोई चिरून कडक भाजलीत तर चुरा होऊन जाते, तीही अर्धीच, प्रथिनांनंतर. श्रावण संपल्यावर मासळीची सुरुवात रश्श्यातल्या मऊ लेपोने किंवा मुडदुशीने करा. रव्यात तळलेली नको, माणक्या आणि शिनाण्या रबरासारख्या, त्या नकोतच. आणि किसमूर... किसमूर मला स्वतःला जीव की प्राण आहे, त्यामुळे जड मनाने सांगते: सुकी सुंगटं अधिक कच्चं खोबरं म्हणजे तुमच्यासाठी दोन्ही खोड्या एकाच वाटीत.

चवथीच्या पंगतीचं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. खतखतं तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे: सुरण, कच्ची पपई, भोपळा, कणगं, सगळं शिजून मऊ झालेलं. कणसाचा तुकडा आणि शेंग उचलू नका, शेंगेचा गर काढून घेता येतो पण पंगतीत ती खटपट नको. मुगागाठी बहुतेक घरी असतातच, त्या आधी खा. नेवरी आणि पातोळी यांचं मात्र सांभाळून. गूळ-साखर एकदम आतड्यात उतरली की धडधड, घाम, चक्कर, मग जुलाब, असा प्रकार होतो. जठराच्या बायपासचं ऑपरेशन झालेल्यांत तो जास्त, स्लीव्हवाल्यांतही काहींना होतो. पातोळीचा एक तुकडा हळदीच्या पानाच्या वासासाठी घ्या, जेवणाच्या शेवटी. आणि शक्य असेल तर पहिल्या पंगतीला बसूच नका, वाढायला उभ्या राहा. वाढणाऱ्या बाईने किती खाल्लं ते कुणी मोजत नाही.

लपवण्याबद्दल मी उपदेश करणार नाही. वजनावर आयुष्यभर टोमणे खाल्लेल्या बाईला ऑपरेशनचं सांगितल्यावर काय काय ऐकावं लागतं, ‘आयतं बारीक झाली’ पासून, ते मला ठाऊक आहे. पण पित्ताशयाचं कारण जरा जपून वापरा. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता खरोखर वाढते, उद्या उजव्या कुशीत कळ आली तर घरचे म्हणतील, ते तर काढलंय ना! म्हणून यजमान आणि मुलगा सोडून आणखी एका मोठ्या माणसाला खरं सांगून ठेवा, दिवसभर घरी असणाऱ्या. जाऊबाईंशी जमत असेल तर त्यांना. कारण तुम्हाला कधी कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर बरोबरच्याला ‘यांचं स्लीव्ह झालंय’ हे वाक्य म्हणता आलं पाहिजे. दोन-तीन दिवस उलट्या होत राहिल्या तर शरीरात बी-१ जीवनसत्त्व, थायमिन, कमी पडायला लागू शकतं आणि अशा वेळी थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या जाणं ही त्याची लक्षणं. दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही सर्जनना विचारल्याशिवाय नकोत, हेही त्याच माणसाला सांगा.

पाणीसुद्धा दिवसभर ठरत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, ताप, छातीत धडधड, पोटात वाढत जाणारी कळ किंवा काळी शी होत असेल तर वाट बघू नका. नुसता घास अडला तर उठून फिरा, काही पिऊ नका, तो बहुतेक वेळा सरकतो किंवा बाहेर येतो. त्यानंतर एक दिवस पातळ, एक दिवस मऊ, आणि तिसऱ्या दिवशी परत नेहमीचं. दोन आठवडे नाही.

गोळ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, त्या चालू आहेत असं धरते: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड, लोह, कॅल्शियम, आणि त्या कायमच्या. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, लोहाच्या गोळीवर चहा नको.

सर्जनना फोन या आठवड्यातच करा. चवथीच्या दिवसांत आपल्याकडे सगळेच आपापल्या गावच्या घरी असतात, डॉक्टरसुद्धा, आणि बाह्यरुग्ण विभागात तुम्हाला ओळखणारं कुणी सापडायचं नाही. फोनवर ‘काकडी पचत नाही’ एवढंच सांगू नका. किती घास, किती वेळात, काय अडलं आणि त्यानंतर काय उतरतंय, हे आधी कागदावर लिहून घ्या.